सल्ला हवा : चार फुटी कडप्प्यावर चार मॉनिटर कसे बसवू?

उत्तर_कसबा :
नमस्कार मंडळी. जुन्या वाड्यातली खोली, मातीच्या भिंती, वर माळवद. दोन भिंतींमधे कडप्प्याचा ओटा, रुंदी नेमकी १२२ सेंमी, आत ५५. मॉनिटर चार : एक नवा २४ इंची आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग टिकतात असा), दोन जुने २४ इंची टीएन (कोन बदलला की रंग बदलतात असे), एक चौकोनी १९ इंची. पीसी आय-थ्री, आठवी जनरेशन, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मागे व्हीजीए, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट (डीपी). काम चादर-टॉवेलच्या जेकार्ड (विणीतच नक्षी) डिझाइनचं. एकावर नक्षीचा ग्राफ, एकावर गिऱ्हाइकाचा नमुना, एकावर ऑर्डरी आणि चौथ्यावर व्हॉट्सॲप, कारण व्यापारी दर पाच मिनिटाला रंग बदलतात. तिन्ही २४ इंची शेजारी ठेवले तर १६२ सेंमी होतात. बजेट पाच हजार, वर एक रुपया नाही. वाकडे-तिकडे बसले तरी चालतील.

विजापूर_वेस :
चारही विका आणि ४९ इंची वक्र घ्या, ५१२० बाय १४४०. रुंदी १२० च्या आसपास, तुमच्या ओट्यात मावतो.

बाळी_वेस :
पाच हजारात ४९ इंचीचं खोकं येईल फक्त. आणि दोन्ही बाजूंना एकेक सेंमी राहिल्यावर आत सरकवणार कसा? मागची वायर सुटली की भिंत पाडायची?

विजापूर_वेस :
चांगली वस्तू एकदाच घेतात. माझ्याकडे आहे म्हणून सांगतो.

सात_रस्ता :
साधा हिशोब आहे. २४ इंची मॉनिटर कडांसकट आडवा ५४ सेंमी, उभा ३२. मधे एक आडवा, दोन्ही बाजूंना एकेक उभा : ३२ + ५४ + ३२ = ११८. बसला. चादरीच्या कामाला उभा स्क्रीन हवाच. साठ बाय नव्वदची चादर आडव्या स्क्रीनवर पूर्ण दाखवली की १०८० उंचीत रुंदीला ७२० पिक्सेल मिळतात. उभ्यावर तीच चादर १०८० बाय १६२० दिसते, खाली ३०० उरतात, तिथे रंगांची पट्टी ठेवा. खर्च फक्त उभं बसवायच्या स्टँडचा.

कडक_भाकरी :
थांबा हो. त्यांचे दोन टीएन आहेत, वाचलं का? टीएनचा वाईट कोन वर-खाली असतो. उभा केला की तोच कोन डाव्या-उजव्या बाजूला येतो आणि दोन डोळ्यांना दोन वेगळ्या छटा दिसतात. चादरीचा मरून एका डोळ्याला मरून, दुसऱ्याला वांगी रंगाचा. उभा करायचा तो आयपीएस. टीएन आडवेच ठेवा, एकावर एक. रुंदी ५४ + ३२ = ८६, बाजूला ३६ सेंमी उरतात, तिथे चहा.
वरचा टीएन मात्र उलटा टांगा, डोकं खाली. टीएन खालून पाहिला की काळपट होतो, रंग उलटतात. उलटा टांगल्यावर तुम्ही त्याच्याकडे त्याच्या हिशोबाने वरून बघता, मग फार तर थोडा फिका दिसतो. विंडोजमधे डिस्प्ले सेटिंग, ओरिएंटेशन, लँडस्केप फ्लिप्ड. वरून पंधरा-वीस अंश पुढे झुकवा.

सात_रस्ता :
मी पण तेच म्हणत होतो, एक उभा ठेवा.

कडक_भाकरी :
तुम्ही दोन म्हणालात.

गड्डा_यात्री :
एकावर एक वगैरे कशाला? सगळे उभे करून गोल बुरूज बांधा, मधे खुर्ची.

जेकार्ड_पंच :
गणित करून बघू. पाच उभ्यांचा पंचकोन केला, बाजू ३२ सेंमी, तर मधल्या बिंदूपासून स्क्रीन २२ सेंमीवर. नाक टेकेल. सहा केले तर २८. डोळ्यांना ६० सेंमी अंतर द्यायचं तर पूर्ण गोलाला बारा मॉनिटर लागतात. एकेकाला २५ वॅट धरा, ३०० वॅट निव्वळ स्क्रीनला. साधी गेमिंग कार्डं एका वेळी चार स्क्रीन चालवतात, म्हणजे तीन कार्डं. आणि बुरुजाला दार नाही, मुक्कामी जायचं तर खालून रांगत.

गड्डा_यात्री :
जेवण वरून सोडता येईल की.

बाळी_वेस :
बुरुजात मे महिन्यात बसून दाखवा. बहुतेक मॉनिटरच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. सोलापुरात बाहेरच ४२-४३ असतं.

कन्ना_चौक :
मुद्द्यावर येतो. ओटा कडप्प्याचा आहे, हे कुणीच बघत नाही. मॉनिटर धरायच्या गॅस स्प्रिंग आर्मचा सी-क्लॅम्प सुट्या कडेला आवळला तर दगड तडकतो, आणि तडा क्लॅम्पपाशी नाही, मागे टेकूच्या रेषेवर जातो. कारण आर्म पुढे ताणला की चार किलोचं वजन अर्धा मीटर लांबून कडेला पिळतं. क्लॅम्पच्या वर-खाली १२ मिमी प्लायचे २० बाय २० सेंमीचे तुकडे, दगड आणि प्लायच्या मधे सायकलच्या ट्यूबचं रबर, आणि क्लॅम्प जिथे खाली भिंत किंवा उभी फरशी आहे तिथेच. मातीच्या भिंतीत प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, नुसती माती सुटते.

पार्क_चौक :
चौथा मॉनिटर तिरका लावा, २२ अंशांवर. कोड लिहिणाऱ्यांमधे हा प्रकार आहे. लिनक्सवर एक्सरँडर (स्क्रीनची मांडणी बदलायची कमांड) च्या ट्रान्सफॉर्मला नऊ आकडे द्यायचे, कोसाइन ०.९२७, साइन ०.३७५, की चित्र बरोब्बर सरळ. मधल्या ओळी लांबलचक मिळतात.

जेकार्ड_पंच :
आणि कोपऱ्यातल्या ओळीत एक शब्द. २४ इंची २२ अंशांत फिरवला की ६२ बाय ५० सेंमी जागा खातो, आडव्यापेक्षा जास्त. शिवाय जेकार्डचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, विंडोज ९० च्या पटीतच फिरवतं.

पार्क_चौक :
मग पाठीमागे लावून समोर आरसा ठेवा.

जेकार्ड_पंच :
आरशात अक्षरं उलटी. एक्सरँडरला त्यासाठी रिफ्लेक्ट एक्स आहे, विंडोजला तेही नाही. डिझाइन डावं-उजवं सारखं असेल तर एक वेळ चालेल, पण काठावर पार्टीचं नाव विणलेलं असलं म्हणजे?

विजापूर_वेस :
वायरींचं काय? डीपीतून एकाला एक जोडत न्या. डीपी १.२ वर ६० हर्ट्झचे चार फुल एचडी एका वायरीत जातात.

कन्ना_चौक :
जोडत न्यायला मॉनिटरला डीपी आऊट लागतो, यांच्या जुन्यांना डीपीच नसणार. एचडीएमआयचा स्प्लिटर घ्याल तर सगळीकडे एकच चित्र. आणि टाकी कितीही मोठी असो, तोट्या तीनच : या प्रोसेसरचं आतलं ग्राफिक्स एका वेळी तीन स्क्रीन देतं. चौथ्याला यूएसबीचा डिस्प्लेलिंक ॲडॉप्टर. तो चित्र दाबून पाठवतो आणि प्रोसेसर खातो, पण व्हॉट्सॲपला पुरे. चौकोनी १९ इंची त्याच्यावर टाका. आयपीएस डीपी किंवा एचडीएमआयवरच ठेवा, व्हीजीए एखाद्या टीएनला.

विजापूर_वेस :
४९ इंचीला एकच वायर लागते. बस्स एवढंच बोलतो.

उत्तर_कसबा :
सगळ्यांचे आभार. ठरलं. माळवदाच्या तुळईला एक इंची जीआय पाइप फ्लँजने (आट्यांच्या चकतीने) टांगतो, तुळई सागवानी आहे. पाइपाच्या चारी बाजूंना चार मॉनिटर. हवा तो फिरवून समोर घ्यायचा. भिंत नको, कडप्पा नको.

सात_रस्ता :
म्हणजे चार मॉनिटर असून एका वेळी एकच दिसणार?

उत्तर_कसबा :
बाकीचे चालू असणारच ना.

कडक_भाकरी :
काय बे हे. एवढं टायपून शेवटी रहाट.

कन्ना_चौक :
करणारच असाल तर नीट करा. एकाच उंचीवर चारी बाजूंना लावले तर समोरचा स्क्रीन पाइपापासून २७ सेंमी पुढे येतो आणि फिरताना कोपरे ३८ सेंमीचा घेर घेतात. म्हणजे पाइप भिंतीपासून ४० वर, स्क्रीन ६७ वर, आणि ओटा ५५ चा. स्क्रीन तुमच्या मांडीवर. त्यापेक्षा दोन मजले करा, प्रत्येक मजल्यावर दोन पाठीला पाठ. घेर २९ वर येतो आणि निदान दोन समोर दिसतात.
दुसरं, पाइप फ्लँजच्या आट्यांवर फिरवू नका. फिरवत गेलात की आटे सुटतात आणि १३ किलोचं झाड सरळ ओट्यावर. वरचा पाइप फ्लँजमधे आवळून ६ मिमीचा आरपार बोल्ट मारा. फिरायला बाहेरून सुटी बाही आणि तिच्याखाली थ्रस्ट बेअरिंग (वरून येणारं वजन पेलणारं). एक इंची जीआयचा बाहेरचा व्यास ३३.७, त्याला ५१२०७ नंबरचा बेअरिंग येतो, आतून ३५. फट पत्र्याच्या पट्टीने भरा. बेअरिंग ज्या कॉलरवर बसेल ती वेल्ड करून घ्या, नुसत्या स्क्रूवर नको. आणि अर्ध्या फेरीला एक अडणी ठेवा, नाहीतर वायरींची वेणी होते.

बाळी_वेस :
मॉनिटरच्या पाठीला एम-४ स्क्रू लागतात, भोकं १०० बाय १००, पण आधी मोजा, काहींना ७५ असतात. प्लाय १८ मिमी घेतलात तर स्क्रू २५-२६ लांबीचा. ३५ चा घातला की आतल्या बोर्डात घुसतो. माळवदाची माती झडते, वर प्लास्टिक बांधा.

विजापूर_वेस :
पाइप, वेल्डिंग, बेअरिंग, ॲडॉप्टर. पाच हजारात होतंय का बघा.

उत्तर_कसबा :
ॲडॉप्टर सोडून होतं. चौथा तूर्त बंद ठेवतो, वजनाला वजन म्हणून. ५१२०७ नवाच लागेल का, लूमच्या भंगारातला चालेल?

कन्ना_चौक :
हाताने फिरवून बघा. खरखर नसेल तर चालेल. बाही फिरते तितकाच फिरणार, लूमचा वेग थोडाच आहे. ग्रीस बेताने भरा, खाली कीबोर्ड आहे.