मदत हवी आहे: माथेरानच्या वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीसाठी वळणारा अ‍ॅक्सल घरगुती वस्तूंतून कसा करावा?

नमस्कार मंडळी,

नेरळ-माथेरान ही दोन फुटी (दोन रुळांमधले अंतर दोन फूट असलेली) रेल्वे १९०७ साली सुरू झाली. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कॉपेल कंपनीने बांधलेल्या चार वाफेच्या इंजिनांपैकी ७३८ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. त्याची १:२४ प्रमाणातील प्रतिकृती मी शक्य तितक्या घरातल्याच वस्तूंतून करत आहे. हे प्रमाण निवडण्याचे कारण असे की, त्यात एका फुटाचा अर्धा इंच होतो आणि रुळांमधले दोन फुटांचे, म्हणजे ६१० मिलिमीटरचे अंतर बरोबर २५.४ मिलिमीटरवर, म्हणजे एका इंचावर बसते.

बॉयलर, केबिन आणि पाण्याच्या टाक्या यांत फारशी अडचण आली नाही. बॉयलरसाठी पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर लग्नपत्रिकेचा गुळगुळीत कागद गुंडाळला आहे. रिव्हेटसाठी कागदाच्या मागच्या बाजूने पेन्सिलीची रेघ आखून, खाली जुना रबरी माउसपॅड ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने सारख्या अंतरावर टोचे दिले की पुढच्या बाजूला सुबक उठाव येतात.

खरी अडचण चाकांची आहे. या इंजिनाला सहा चाके असून पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकांची आस) क्लीन-लिंडनर पद्धतीचा आहे. यात चाके ज्याच्यावर बसवलेली असतात तो बाहेरचा अ‍ॅक्सल पोकळ असतो, त्याच्या आतून दुसरा भरीव अ‍ॅक्सल जातो आणि दोन्ही मध्यभागी एका गोलाने व खिळीने जोडलेले असतात. क्रँक (अ‍ॅक्सल फिरवणारे भुज) आतल्या अ‍ॅक्सलच्या टोकांना, म्हणजे चौकटीच्या बाहेर असल्यामुळे क्रँकना एकमेकांशी जोडणारे जोडदांडे सरळ रेषेत फिरत राहतात, पण वळणावर पोकळ अ‍ॅक्सल चाकांसह थोडा तिरका होतो व किंचित आडवा सरकतो. माथेरानच्या घाटातली तीव्र वळणे या रचनेमुळेच साधत होती, म्हणून ती वगळून नुसती शोभेची चाके लावायला माझे मन तयार नाही.

मी केलेली जुळणी अशी आहे. आतला अ‍ॅक्सल म्हणजे सायकलचा २ मिलिमीटर जाडीचा स्पोक. त्याच्या मध्यभागी लाकडी मणी अराल्डाइटने चिकटवला आहे. त्यावरून संपलेल्या स्केचपेनची नळी सरकवून, नळीतून मण्यात दोन बाजूंनी टाचणीचे आखूड तुकडे खोचले आहेत. चाके पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक चिकटवून केली असून, रुळाच्या आतल्या बाजूच्या कडेसाठी एक चकती मोठी घेतली आहे. चाके चौकटीमागे बरीचशी झाकली जात असल्याने ती या रीतीने पुरेशी चांगली दिसतात.

हाताने ढकलल्यावर सरळ रुळावर सर्व ठीक चालते. ७५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर मात्र काही फेऱ्यांनंतर मणी स्पोकवरून सुटतो आणि मग क्रँक फिरत असूनही चाके नुसती घसटत राहतात. स्पोक कानशीने खरवडून पाहिला, त्यामुळे पकड वाढली, पण टिकली नाही. इतक्या बारीक पोलादी तारेला घरच्या हँडड्रिलने आरपार भोक पाडणे मला जमण्यासारखे वाटत नाही.

म्हणून जाणकारांना विनंती आहे की, स्पोकऐवजी छत्रीची काडी किंवा पितळी सळई वापरली आणि मण्याच्या जागी डाग देऊन जोड केला तर तो टिकेल का, हे कृपया सांगावे. तसेच वळण संपल्यावर पोकळ अ‍ॅक्सल आपोआप सरळ व्हावा यासाठी नळीच्या टोकांत मऊ स्पंजाची पातळ चकती बसवण्याचा विचार आहे. त्याने चाके जड फिरतील अशी शंका वाटते.

पुठ्ठ्याबद्दलही थोडे विचारायचे आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत चकत्यांचे थर सुटू नयेत म्हणून सुतार वापरतात ते लाखेचे पॉलिश दोनदा दिले आहे. चाकाच्या घासणाऱ्या कडेला ते पुरेल, की तिथे फेविक्विक मुरवून मग पॉलिश पेपरने घासणे अधिक योग्य, याबद्दल ज्यांनी हे स्वतः करून पाहिले आहे त्यांनी लिहिल्यास फार मदत होईल. कोणाकडे अशा जोडाचे छायाचित्र किंवा हाताने काढलेली आकृती असेल तर तीही अवश्य द्यावी.