३० हजारांत ५५ इंचीच घ्या? मला नाही पटत

दिवेलागण
परवा इथे एकांनी लिहिलं, "३० हजारांत ५५ इंची फोर-के मिळत असताना ४३ इंची घेणं हा मूर्खपणा आहे." मी गेल्याच महिन्यात ४३ इंची फुल एचडी घेतला, त्यामुळे ते चांगलंच लागलं. आमची बाहेरची खोली दहा बाय बारा, सोफ्यापासून टीव्ही आठ फुटांवर. ४३ इंची फुल एचडीचे ठिपके धडधाकट नजरेलाही साडेपाच-सहा फुटांपलीकडे सुटे दिसत नाहीत. मग आठ फुटांवरून त्याच्या चौपट ठिपक्यांचा फोर-के कोणाला दिसणार? आणि त्या किमतीत ५५ इंचात मिळतं काय? जेमतेम मेमरी, साधे स्पीकर आणि खोक्यावर ठळक अक्षरांत एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं तंत्र. पडद्यालाच पुरेसा उजेड नसेल तर त्या एचडीआरचं करायचं काय? पैसे मोजके असतील तर इंच कमी करा, पण पॅनल (चित्र उमटवणारा पडदा) चांगला घ्या आणि जवळ सर्व्हिस असलेलाच घ्या.

चौथामजला
ते वाक्य माझंच. ताई, तुमचंच गणित पुढे न्या. पडदा ५५ झाला की फुल एचडीचे ठिपके सुटे दिसण्याची हद्द सात फुटांपर्यंत जाते, म्हणजे तुमच्या सोफ्याच्या जवळ. पण ठिपके राहू द्या. माझी आई ७४ वर्षांची, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ३२ इंचावर तिला स्कोअर वाचता यायचा नाही, दर ओव्हरला मला हाक मारायची. ५५ आणला आणि आता तीच मला स्वयंपाकघरात ओरडून सांगते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८चा १८ झाला. सरळ दहा टक्के वाचले.

दिवेलागण
दहा नाही वाचले. ३२,००० च्या टीव्हीची करापूर्वीची किंमत २५,०००. १८ टक्क्यांनी ते २९,५०० होतात. अडीच हजार, म्हणजे आठ टक्केसुद्धा नाहीत. आणि ही कपात ४३ इंचीलाही मिळाली, हे सोयीस्कर विसरलात.

केबलग्रस्त
तुमचं फोर-के चालू द्या, पण त्यावर बघणार काय? केबलच्या साध्या चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६. ते मोठ्या पडद्यावर ताणलं की पैठणीचे काठ म्हणजे नुसता चिखल. माझा ५० इंची आहे. एचडी पॅकचे पैसे दोन वर्षं भरतोय, बॉक्सही एचडीचा आणला, तरी चित्र तेच. लूट आहे ही सगळी.

माळरान
केबल काढून टाका. आम्ही माण तालुक्यात दूरदर्शनची फ्री डिश लावलीय. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याला शून्य.

केबलग्रस्त
फ्री डिशवर आमच्या घरातल्या चारही मालिका लागतात का? उगाच सल्ले देऊ नका.

सोल्डर
बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय. केबलग्रस्त, बॉक्स ते टीव्ही वायर कोणती आहे? पिवळी-लाल-पांढरी असेल तर बॉक्स एचडी असूनही चित्र साधंच येणार. एचडीएमआय वायर लावा.

केबलग्रस्त
दोन वर्षं पैसे भरणाऱ्यालाच वायर विचारताय. आधी केबलवाल्याला विचारा.

सोल्डर
चिडू नका साहेब, मागे वाकून बघा फक्त. आता मूळ विषय. स्वस्त टीव्ही माझ्याकडे येतात ते बहुतेक "आवाज आहे, चित्र नाही" म्हणून. बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागच्या एलईडी दिव्यांची पट्टी गेलेली असते, ती बदलता येते. पॅनल फुटला तर मात्र नवा टीव्ही घेतलेला बरा. बॅकलाइट शंभरवर ठेवून वर्षानुवर्षं चालवू नका, पट्ट्या तापून मरतात. आणि घेण्याआधी घरात कोण कुठे बसतं ते आठवा. व्हीए जातीच्या पॅनलचा काळा रंग गडद, पण कडेला बसणाऱ्याला चित्र फिकं दिसतं. आयपीएस जातीच्या पॅनलचं उलटं. इंचांवर भांडता, पॅनल कोणीच विचारत नाही.

दिवेलागण
मी विचारला होता! दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, पॅनल एलईडी आहे."

चौथामजला
आई कडेच्या दिवाणावरच बसते आणि रंग फिके दिसतात म्हणते. मला वाटत होतं तिचे डोळेच. सोल्डर, हा मुद्दा तुमचा. ५५ चा हट्ट मी सोडणार नाही, पण पुन्हा घेताना आयपीएस बघेन. ताई, "मूर्खपणा" हा शब्द मागे घेतो.

दिवेलागण
आईंसाठी मोठा पडदा हवा हे मलाही मान्य. आमच्या दहा बाय बाराला ४३ च.

केबलग्रस्त
वायर पिवळी-लाल-पांढरीच होती. जुन्या डीव्हीडी प्लेअरची एचडीएमआय सापडली, ती लावली. काठावरचे मोर दिसतायत. पण बॉक्स बसवणाऱ्या पोराने ही वायर लावलीच का, आणि माझ्या दोन वर्षांच्या पैशांचं काय?