१९८७ च्या विश्वचषकाचे तिकीट : ठेवावे की विकावे?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ) : ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरला झालेल्या भारत-न्यूझीलंड सामन्याचे तिकीट बाबांनी जपून ठेवले आहे. पुढील दहा-पंधरा वर्षांत त्याची किंमत वाढेल का?

उत्तर १ : सामना मोलाचा आहे, कारण चेतन शर्मांनी विश्वचषकातील पहिली हॅटट्रिक आणि गावस्करांनी एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक त्याच दिवशी साधले. तरी अमेरिकेतील आकड्यांवर विसंबू नका. २०२२ मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचे चित्र असलेले १९५२ चे संग्राह्य कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेले, पण तिथे संग्राहकांची आणि प्रमाणित प्रतवारीची जुनी बाजारपेठ आहे. आपल्याकडे गिऱ्हाईकच मोजके.

उत्तर २ : तिकिटाला कृपया लॅमिनेशन करू नका, त्याने मोल कायमचे घटते. आम्लरहित पाकिटात, ओल आणि उन्हापासून दूर ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी लवकर लागते. बाबांकडून त्या दिवसाची हकीकत लिहून, सहीनिशी सोबत जोडा.

उत्तर ३ : तो सामना पाहिलेली पिढी सरल्यावर मागणी ओसरूही शकते, म्हणून कापसाचे पैसे अडकले तर हे तिकीट कामी येईल असा हिशेब मांडू नये, असे मला मनापासून वाटते.