दिवसभर ग्रंथालय, रात्री लांडग्यांचा खेळ: वेळ नसलेल्यांसाठी खेळ कसा रचावा?

वर्गांक_५९९

नमस्कार मंडळी. मी ग्रंथपाल आहे आणि फावल्या वेळात एक ऑनलाइन रोलप्लेइंग खेळ बांधते आहे. खेळाडू लांडगा होतो, कळपात राहतो आणि लिहून खेळतो. एक नकाशा आहे, बाकी सगळा मजकूर. "वारा अंगावर घेत मी टेकडी चढले, खाली हरणांचा वास आहे" असं एकीने लिहायचं, पुढचं दुसऱ्याने.

दिवस कसा जातो ते आधी सांगते, कारण प्रश्न तिथूनच आलाय. दारं उघडायच्या आधी परतपेटी रिकामी करायची, पुस्तकं स्कॅन करून जमा करायची, फाटलेली-भिजलेली बाजूला काढायची, उरलेली वर्गांकाप्रमाणे ट्रॉलीवर लावायची. मग देवघेवीचा काउंटर. दुपारी संदर्भाचे प्रश्न येतात. कुणाला एका जुन्या मासिकातला लेख हवा असतो आणि मुखपृष्ठाच्या रंगापलीकडे काही आठवत नसतं. अशा शोधात तास कधी जातो कळत नाही, आणि लेख सापडला की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. संध्याकाळी अभ्यासाला येणाऱ्यांची गर्दी. वाचनकक्ष बंद झाल्यावर कपाटांपुढे उभं राहून एकेका पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक वाचत जायचं आणि भलत्या जागी गेलेलं पुस्तक ओढून काढायचं. हे काम मी कधीच टाळत नाही. भलत्या कपाटात गेलेलं पुस्तक वाचकासाठी हरवलेलंच असतं. सध्या वार्षिक पडताळणीही चालू आहे, नोंदवहीतला प्रत्येक परिग्रहण क्रमांक (पुस्तक दाखल होताना त्याला मिळालेला) प्रत्यक्ष पुस्तकाशी ताडून बघायचा. घरी पोचते तेव्हा पाय दुखत असतात आणि बोलून बोलून घसा बसलेला असतो. काम मला मनापासून आवडतं. फक्त खेळासाठी रात्रीचा एखादा तास उरतो, तोही रोज नाही.

खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र कामावरच सुचली. बालविभागात एका मुलीने विचारलं, लांडगे चंद्राला हाक मारतात का? तिला ५९९.७७३ च्या, म्हणजे लांडग्यांवरच्या पुस्तकांच्या, कपाटाशी नेलं, दोघी जमिनीवर बसून पानं उलटत बसलो. चंद्राचा संबंध नाही. पांगलेल्या सोबत्यांना ते हाक देतात, शेजारच्या कळपाला "इकडे आम्ही आहोत" असं कळवतात, आणि जंगलात ही हाक दहा किलोमीटरपर्यंतही ऐकू जाऊ शकते. त्यावर ती लगेच म्हणाली, "आणि उत्तरच आलं नाही तर?" माझ्या खेळात आता हाक आहे. ती नकाशावरच्या ठरावीक अंतरातच पोचते. त्या टप्प्यात असलेल्यांना ती पुढच्या वेळी लॉगिन केल्यावर दिसते, कुणी दिलं तर उत्तर येतं, नाही आलं तर तसंच राहतं.

आता अडचण. मी खेळून पाहिलेले प्राण्यांचे बहुतेक खेळ रोज हजेरी मागतात. रोज खाऊ घाला, नाहीतर तब्येत ढासळते, पायरी घसरते, पिल्लं मरतात. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला हे झेपत नाही. मला असा खेळ हवाय की ज्याला जमेल तेव्हा त्याने यावं, न आल्याची शिक्षा होऊ नये, आणि तरी जग जिवंत वाटावं. सध्या पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरते आहे. रोज मध्यरात्री एक स्क्रिप्ट चालते आणि सगळ्या पात्रांची भूक एकाने वाढवते. खेळातला एक महिना म्हणजे आपला एक आठवडा. हे योग्य आहे का? शिवाय चाचणीला घेतलेले काही खेळाडू "लढून कळपप्रमुख होता आलं पाहिजे" म्हणतायत, माझं मन त्याला तयार होत नाही. आणि खेळ सगळ्यांना खुला केला की लक्ष कोण ठेवणार, ही तिसरी काळजी.

---

रातपाळी

ताई, तांत्रिक भागापुरतं बोलतो.

मध्यरात्रीची स्क्रिप्ट काढून टाका. जुन्या काळी पुस्तकाच्या आत तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असायची. तिच्यावर परतीची तारीख असायची, दंडाचा आकडा नाही. पुस्तक काउंटरवर आलं की दोन तारखा बघून दंड निघायचा, मधल्या दिवसांत कपाटापाशी जाऊन कुणी आकडा वाढवत बसायचं नाही. भूक तशीच ठेवा. पात्राच्या नोंदीत "शेवटचं पोटभर कधी खाल्लं" एवढी वेळ लिहा. कुणी पात्र उघडलं की आत्ताच्या वेळेतून ती वजा करा आणि भूक दाखवा. पात्रं पन्नास असोत की पन्नास हजार, रात्री काहीच चालवावं लागत नाही. सर्व्हर एखादी रात्र बंद पडला तरी हिशेब चुकत नाही. आणि उद्या वाटलं की भूक फार लवकर लागतेय, तर एक सूत्र बदललं की झालं, हजारो नोंदींना हात लावायला नको. जखम भरणं, वय वाढणं, सगळं याच पद्धतीने. वेळ मात्र यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, साठवा, खेळाडू कुठल्या देशातून येतील सांगता येत नाही.

पिल्लांचा जन्म वगैरे ठरावीक वेळी घडायच्या गोष्टींसाठी वेगळा तक्ता करा: काय घडणार, कुणाला, कधी. कुणीही त्या भागात आलं की मुदत उलटलेल्या नोंदी आधी क्रमाने उरकायच्या, मग पान दाखवायचं.

एसक्यूलाइट पुरेल. एका वेळी एकच जण लिहू शकतो हे खरं, पण मजकुराच्या खेळात एक लिखाण क्षणार्धात संपतं. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची सोय) चालू करा म्हणजे लिहिणाऱ्यामुळे वाचणारे अडत नाहीत. आणि चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करून बॅकअप घेऊ नका, कॉपी अर्धवट निघू शकते. त्यासाठी बॅकअपची स्वतंत्र आज्ञा आहे, ती वापरा.

एका तासाच्या बैठकीबद्दल एकच सुचवतो. उठण्याआधी पुढची पायरी कोडमध्येच टिप्पणी म्हणून लिहून ठेवा, आणि कोड तपासणारी एक चाचणी मुद्दाम नापास अवस्थेत सोडा. चार दिवसांनी बसलात तरी कुठून सुरू करायचं हे ती चाचणीच सांगेल.

---

रानवाट

लढून प्रमुख होणं ठेवू नका, ताई. तुमचं मन बरोबर सांगतंय.

ती कल्पना मुळात बंदिस्त लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकांनी १९४७ मध्ये पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर लिहिलं. ओळखपाळख नसलेले प्राणी एका कुंपणात आणले तर झटापटी होणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने 'अल्फा', म्हणजे लढून वर आलेला कळपप्रमुख, सगळीकडे पोचवला. पुढे मेक यांनीच मोकळ्या रानातल्या कळपांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं आणि १९९९ मध्ये लिहिलं की साधारण कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्लावळ. आईबापांना ती जागा जिंकावी लागत नाही, ते आईबाप असतात म्हणून पुढे असतात.

खेळाला याचा फायदाच आहे. तरुण लांडगे साधारण एक ते तीन वर्षांचे झाले की घर सोडतात, एकटे भटकतात, जोडीदार आणि मोकळी जागा मिळाली तर नवा कळप होतो. तुमच्या महत्त्वाकांक्षी खेळाडूंना हीच वाट द्या. प्रमुख व्हायचंय? निघा. परक्या हद्दी ओलांडा, वास हुंगत कुणाची जमीन मोकळी आहे ते शोधा, वाटेत हाका ऐका. परक्या कळपाच्या तावडीत सापडलेला एकटा लांडगा जिवानिशी जाऊ शकतो, म्हणजे धोकाही खराच आहे. आणि नवे कळप आपोआप होत राहतील, जुन्यांमध्ये गर्दी साचणार नाही.

भुकेबद्दल: रोज खाऊ घालणं लांडग्याच्या स्वभावातच नाही. शिकारीचे बहुतेक प्रयत्न फसतात. मिळालं की मोठा लांडगा एका बैठकीत नऊ किलोपर्यंत मांस खाऊ शकतो, मग कित्येक दिवस पोट रिकामं. तुम्हाला हवी असलेली सवड प्राण्यातच आहे. फक्त भूक खेळाच्या घड्याळावर चालवू नका. महिन्याचा आठवडा केलात तर आठवडाभराचा उपास आपल्या दीड-पावणेदोन दिवसांत संपेल, आणि पुन्हा रोजची हजेरी आलीच. वय आणि ऋतू खेळाच्या घड्याळावर, भूक आपल्या घड्याळावर. गर्भकाळ त्रेसष्ट दिवसांच्या आसपास असतो, तुमच्या हिशेबाने साधारण दोन आठवडे. पिल्लांचे डोळे बाराव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, म्हणजे जन्मानंतर आपले जेमतेम तीन दिवस. हे चांगलं जमतंय.

---

पात्राबाहेर

मी लिहून खेळायच्या एका खेळाची बरीच वर्षं मॉडरेटर, म्हणजे लिखाणावर लक्ष ठेवणारी, होते, म्हणून तिसऱ्या काळजीवर लिहिते.

भांडणं लांडग्यांची होत नाहीत, लिहिणाऱ्यांची होतात. एक जण लिहितो, "मी तिच्या मानेचा चावा घेतला आणि ती कोसळली." कोसळायचं की निसटायचं हे तिच्या लेखिकेने ठरवायचं, त्याने नाही. हा नियम पहिल्या दिवशी, पहिल्या पानावर लिहा: प्रयत्न आपला, परिणाम समोरच्याचा. दुसरा नियम, खेळाडूला माहीत असलेलं पात्राला माहीत नसतं. तुमची हाक ठरावीक अंतरातच पोचते म्हणता, तर गप्पांच्या पानावर कळलेली बातमी वापरून कुणी मदतीला धावून येऊ नये. पात्राचा मृत्यू लेखकाच्या संमतीशिवाय नाही.

प्राण्यांच्या खेळात मुलं येतात, हे गृहीत धरूनच चाला. जन्मतारीख, शाळा, फोटो काही मागू नका. न मागितलेली माहिती सांभाळावी लागत नाही. अमेरिकेत तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायला पालकांची पडताळलेली परवानगी लागते, इतर देशांचे नियम वेगळे आहेत, खुला करण्याआधी तेवढं वाचून घ्या. खाजगी निरोप सुरुवातीला ठेवूच नका. लांडगे हाक देतात, ती टप्प्यातल्या सगळ्यांना ऐकू जाते, तेवढं पुरे. जोडी जमली की पिल्लं थेट गुहेत दिसावीत, मधलं काही लिहायची मुभा नको, यावर अजिबात ढिलाई करू नका.

आणि नव्या खेळाडूचं लिखाण सुरुवातीला मंजुरीनंतरच दिसू द्या. मंजुरी रात्री होईल असं स्पष्ट लिहा. लोक थांबतात. तुम्ही दिवसभर काउंटरवर माणसांचंच काम करता, घरी येऊन तेच एकटीने करू नका. खुला करण्याआधी दुसरा मॉडरेटर शोधा, तुमच्यापेक्षा वेगळ्या वेळी जागा असणारा.

---

जुनाजाणता

सगळ्यांना +१.

अवांतर: मजकुराचाच खेळ म्हणून कुणी नाक मुरडलं तर मनावर घेऊ नका. रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात 'मड' हा संगणकावरचा खेळ सुरू केला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवला, तो नुसत्या मजकुराचा होता. अनेकांनी एकाच वेळी एका जगात वावरायचं ही गोष्ट तिथून पुढे आली.

---

वर्गांक_५९९

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखेच्या चिठ्ठीने डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या जुन्या संग्रहात अशी चिठ्ठी लावलेली पुस्तकं अजून आहेत. 'प्रयत्न आपला, परिणाम समोरच्याचा' जसंच्या तसं घेते आहे. खाजगी निरोप काढले. दुसऱ्या मॉडरेटरसाठी एकीला विचारलंय, ती पहाटे उठणारी आहे.

घर सोडून निघण्याची वाट काल रात्री नकाशावर आखून पाहिली. दोन कळपांच्या हद्दींमध्ये एक अरुंद पट्टा मोकळा राहतो, नदीला लागून. एकट्या लांडग्याला तिथून रात्रीच जाता येईल असं काहीतरी सुचतंय. फार आवडलंय मला हे.

एका ठिकाणी अडले. समजा कळपाने शिकार केली. त्या वेळी तिघं लिहीत होते, चौथी कामावर होती. तिघांची "शेवटचं खाल्लं" ही वेळ बदलली. चौथीची? ती आली की उपाशी, बाकीचे तृप्त. म्हणजे न आल्याची शिक्षा मागच्या दाराने पुन्हा आलीच.

---

रानवाट

चौथी कुठे गेली होती? ती कळपातच आहे, कथेत दिसत नाही एवढंच. आणि खरोखर गुहेपाशी थांबलेली असली तरी लांडगे पोटातून मांस आणून पिल्लांना आणि अंगावर पाजणाऱ्या मादीला ओकून देतात. कळपाने खाल्लं म्हणजे तिनेही खाल्लं.

---

रातपाळी

मग भूक पात्राच्या तक्त्यात हवीच कशाला? "शेवटचं खाल्लं" हा रकाना कळपाच्या तक्त्यात हलवा. कळपातला कुणीही उघडला की कळपाची वेळ वाचायची. पात्राचा स्वतःचा रकाना ठेवा, पण कळपात असेपर्यंत रिकामा. लांडगा कळप सोडून निघाला की त्या क्षणीची कळपाची वेळ त्याच्या रकान्यात उतरवायची, तिथून पुढे त्याची भूक त्याची. दुसऱ्या कळपात शिरला की रकाना पुन्हा रिकामा करायचा.

---

वर्गांक_५९९

जमलं! म्हणजे भुकेची भीती एकट्यालाच, आणि ती त्याने स्वतः निघायचं ठरवल्यावर. उद्या सुट्टी आहे, रकाना उद्याच हलवते. आधी बॅकअप घेईन, रातपाळी म्हणतात त्या आज्ञेने. पुढच्या महिन्यात पडताळणी आटोपली की सहा जणांचा एक कळप चाचणीला घेणार आहे. रोज येता न येणारेच हवेत. इथल्या कुणाला यायचं असेल तर खाली लिहा, लांडग्याचं वय आणि तो कळपात जन्मलेला हवा की बाहेरून आलेला, एवढं सांगा.