गोल्डबेरी : नदीची लेक की टॉमने उचलून आणलेली बायको?

लव्हाळी
टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीतली गोल्डबेरी म्हणजे शोभेची बाहुली, असं पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं. मला ते अजिबात पटत नाही. ही विदीविंडल नदीची लेक. चार हॉबिट, म्हणजे कथेतली बुटकी माणसं, दमूनभागून तिच्या दारात येतात तेव्हा ती पांढऱ्या कमळांनी भरलेल्या मातीच्या भांड्यांमध्ये बसलेली असते. दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळतो, तर तिचा नवरा टॉम बॉम्बाडिल सांगतो, आज हिचा धुण्याचा दिवस! टोल्किननेही १९५८ च्या एका पत्रात तिचा संबंध ऋतुबदलाशीच जोडलाय.

डोह
पाऊस मान्य. पण लग्न कसं झालं? १९३४ साली 'ऑक्सफर्ड मॅगझिन'मध्ये आलेली बॉम्बाडिलची कविता वाचा. आधी हीच त्याची दाढी धरून त्याला पाण्यात ओढते. पुढे तो तिला पकडतो, आईची फिकीर सोड म्हणतो आणि घरी नेतो. आई काठावर उसासे टाकत राहते. कादंबरीत मग उरलं काय, तर पाहुण्यांचं जेवणखाण.

पाणथळ
जेवणाचं चूक आहे. दोघं मिळून मांडामांड करतात, एकच नाच चालल्यासारखी. बाकी दाढी ओढणारी गोल्डबेरी मला आपल्या साती आसरांच्या जवळची वाटते. पाण्यातली, सुंदर, आणि जिची भीतीही वाटावी अशी. कादंबरीत ती भीती पार पुसली गेली, हे मात्र खटकतं.

लव्हाळी
भीती गेली, पण अधिकार आला. त्या हॉबिटांपैकी फ्रोडो विचारतो, हा सगळा मुलूख टॉमच्या मालकीचा का? ती म्हणते, छे, ते तर ओझंच झालं असतं. इथलं झाडपान, जीवजंतू, सगळे आपापले स्वतःचे. एका अंगठीच्या मालकीपायी जग पेटलेल्या कथेत हे बोलायला लेखकाने हिलाच निवडलं. २००१ च्या चित्रपटात दोघांनाही वगळलं, तेव्हा हेच हातचं गेलं.

डोह
तेच तर टोचतं ना! कुणी कुणाच्या मालकीचं नाही, असं जी सांगते तिलाच धरून आणलं होतं. टोल्किनने हे जाणून लिहिलं असेल, तर फ्रोडोला तिच्याबद्दल एक तरी प्रश्न विचारू द्यायचा होता. 'टॉम कोण' हे तो दोनदा विचारतो, 'तू कोण' एकदाही नाही.

लव्हाळी
तिला पाहताक्षणी तो तिचं गाणंच म्हणायला लागतो. ओळख विचारायची गरजच त्याला वाटत नाही.

डोह
त्याला नसेल. मला आहे.