मदत हवी आहे: अकॉर्डियन की डिसेक्शन, वायर काढण्याआधी कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार होतात तिथे) शिकतोय. अँजिओप्लास्टीच्या फिल्म बघताना एकाच ठिकाणी गाडी अडते: वायरमुळे वाहिनीला पडलेल्या तात्पुरत्या चुण्या (अकॉर्डियन) की वाहिनीच्या आतल्या भिंतीला गेलेली चीर (डिसेक्शन)? म्हणून हा धागा.

परफोरेशन (वाहिनीला भोक पडणं) तरी एलिस वर्गीकरणात बसवता येतं: टाईप १ मध्ये वाहिनीबाहेर नुसता खळगा, २ मध्ये डायची (एक्स-रेत दिसणाऱ्या द्रवाची) धूसर छटा, ३ मध्ये १ मिमी किंवा मोठ्या भोकातून थेट पिचकारी. नो-रिफ्लोमध्ये वाहिनी उघडी, अडथळा कुठेच नाही, तरी डाय पुढे सरकत नाही. इथवर ठीक.

घोळ होतो तो वळणावळणाच्या उजव्या कोरोनरीत (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या उजव्या धमनीत). आत घातलेल्या कडक वायरने वाहिनी ताणून सरळ होते, भिंतीला चुण्या पडतात आणि आधीच्या शॉटमध्ये (डाय सोडून घेतलेल्या फिल्ममध्ये) नसलेली दोन-तीन अरुंद ठिकाणं स्टेंटच्या पुढे उगवतात. हे अकॉर्डियन असेल तर वायर काढली की सगळं जागेवर. पण स्टेंटच्या कडेचं डिसेक्शन निघालं तर? वायर काढली की खरं ल्युमेन (रक्ताचा मूळ मार्ग) हातचं गेलं! वाहिनी सैल करणाऱ्या नायट्रोग्लिसरीनने फरक पडला नाही, तर फार तर स्पाझमची (वाहिनीच्या आकुंचनाची) शक्यता मागे पडते. बाकी कोडं तसंच.

वायर न गमावता खात्री कशी करता? आणि नुसत्या फिल्मवर कशावर भरवसा ठेवता?

प्रतिसाद १

शॉट लवकर थांबवू नका, डाय पूर्ण धुऊन जाईपर्यंत सिने (चालतं चित्रण) चालू ठेवा. बरंचसं उत्तर त्या शेवटच्या फ्रेममध्येच असतं. आत पातळ पडदा, दोन समांतर वाटा किंवा डाय निघून गेल्यावरही भिंतीत रेंगाळणारा डाग दिसला, तर डिसेक्शनच धरा. चुण्या बहुधा वळणांवर आणि एकाहून जास्त असतात, डाग मागे राहत नाही. प्रवाह मंद आहे एवढ्यावरून मात्र काही ठरवू नका, अकॉर्डियननेही तो मंदावतो. भिंतीतला हिमॅटोमा (साचलेलं रक्त) तर पडदा न दाखवताच गुळगुळीत अरुंदी दाखवतो.

वायर पूर्ण काढायची गरजच नाही. हळूहळू मागे घेऊन फक्त मऊ टोक त्या भागापलीकडे राहू द्या आणि पुन्हा शॉट घ्या. नाहीतर मायक्रोकॅथेटरवरून (बारीक नळीवरून) मऊ वायर बदलून घ्या.

प्रतिसाद २

तरीही शंका उरली तर आयव्हस (वाहिनीच्या आतून अल्ट्रासाऊंड). ओसीटीला (वाहिनीच्या आतून प्रकाशाने घेतलेल्या चित्राला) डाय जोरात मारावी लागते, त्याने डिसेक्शन पुढे फाटू शकतं. आणि गाईडचा (धमनीच्या तोंडाशी बसवलेल्या, डाय सोडायच्या नळीचा) प्रेशर वेव्ह डॅम्प झालेला, म्हणजे दाबाची लहर दबलेली असेल तर सिरिंजला हातही लावू नका, आधी गाईड थोडा मागे घ्या.