खिद्रापूरच्या शिल्पांसाठी स्टिरिओ छायाचित्रण: लेन्स आणि कॅमेऱ्यांमधील अंतर

प्रश्न (कोल्हापूर): खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील स्वर्गमंडपाचे खांब आणि बाहेरील गजपट्ट (हत्तींच्या शिल्पांची रांग) मला स्टिरिओ छायाचित्रांत (थोड्या अंतरावरून घेतलेल्या, एकत्र पाहिल्यावर खोली दाखवणाऱ्या दोन चित्रांत) टिपायचे आहेत. माझ्याकडे दोन सारखे फुल-फ्रेम कॅमेरे आहेत. लेन्स ३५ मिमीची घ्यावी की ८५ची, आणि कॅमेऱ्यांमध्ये किती अंतर ठेवावे?

उत्तर १: ३५ मिमीची घ्यावी, कारण ८५ने दुरून टिपलेले खांब पुठ्ठ्यातून कापल्यासारखे चपटे भासतात. सर्वांत जवळचा खांब २ मीटरवर असेल, तर त्याचा तिसावा भाग, म्हणजे सुमारे ६७ मिमी अंतर ठेवावे. माणसाच्या डोळ्यांमधील अंतरही जवळपास तेवढेच असते.

उत्तर २: तिसाव्या भागाचा हा नियम मागे दूरवर मोकळे दृश्य असेल तेव्हाचा आहे. गजपट्टामागे लगेच भिंत असल्याने तेथे अंतर निश्चिंतपणे वाढवता येईल. मात्र कॅमेरे समांतरच ठेवावेत. ते आत वळवले की दोन्ही चित्रांत तोच बिंदू सारख्या उंचीवर येत नाही आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना विनाकारण त्रास होतो.

उत्तर ३: कॅमेरेच त्याहून रुंद असल्याने ते शेजारी ठेवून ६७ मिमी अंतर बहुधा साधणार नाही. शिल्प स्थिर असल्याने एकच कॅमेरा पट्टीवर सरकवून दोन्ही चित्रे घ्यावीत, फक्त सावल्या सरकण्यापूर्वी.